पहिला सामना इंदापूरशी



स्मरणिकेसाठी "तू इतिहासावर काहीतरी लिही" असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा शाळेची स्थापना, इमारतीची पायाभरणी वगैरे विषय आधीच वाटले गेले होते. उरला होता खेळ. त्यातही मुलांच्या कबड्डीवर लिहायला तिघे जण तयार होते. मुलींच्या खो-खोवर कोणीच नव्हतं. म्हणून हा लेख.

कामानिमित्त माझा रोजचा संबंध अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी येतो. ऑगस्ट उजाडला की ही माणसं कॉलेज फुटबॉलबद्दल बोलू लागतात. तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा त्यांचा खेळ. गंमत अशी की, हंगाम सुरू व्हायच्या आधी ते पहिल्या प्रतिस्पर्ध्यावर पानंच्या पानं वाचतात. समोरच्या संघातली कोणती पोरं पास होऊन गेली, कोण परत आलं, प्रशिक्षक बदलला का, गेल्या वर्षी शेवटच्या पाव तासात ते का ढेपाळले. एकदा मी एका सहकाऱ्याला विचारलं, पहिला सामना हरलात तर काय होतं? तो म्हणाला, काही नाही, अजून अकरा उरतात.

आपल्याकडे पहिला सामना हरला की हंगाम संपायचा. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. आणि आपल्या संघाचा पहिला सामना कोणाशी, यावर तेव्हा कोणी एक ओळही लिहिली नव्हती. आता लिहिते, अठ्ठावीस वर्षं उशिराने.

आधी थोडं खेळाविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळांना खो-खो म्हणजे मधल्या सुट्टीतला टाईमपास वाटायचा. खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या हे खेळ गावोगाव पूर्वीपासून खेळले जात होते, पण गावागणिक नियम वेगळे. ते कागदावर बांधले गेले पुण्यात. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम केले. सुरुवातीच्या काळात मैदान आजच्यासारखं आयताकृती नव्हतं. १९१९ च्या नियमांत ते लंबवर्तुळ होतं आणि मधली रेघ ४४ यार्डांची होती. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम आणखी घट्ट केले. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं झाली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला सुरू झाली, ती फक्त पुरुषांची. बायकांना पुढच्याच वर्षी, कोल्हापूरला, जागा मिळाली. एका वर्षाचं अंतर म्हणजे त्या काळाच्या मानाने फार नाही. क्रिकेटमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त वाट बघावी लागली.

याचं कारण मला नेहमी साधं वाटत आलं आहे. खो-खोला काहीच लागत नाही. दोन खांब, फक्की, आणि परकर किंवा सलवार खोचायची तयारी. बॅट नाही, जाळं नाही, बूट नाहीत. शाळेला खर्च नाही, म्हणून मुलींना नकार द्यायलाही कारण नाही. पाचशे रुपये जरी लागत असते, तरी आपल्या पिढीतल्या निम्म्या मुली मैदानावर आल्या नसत्या, असं मी पैजेवर सांगते.

आता प्रतिस्पर्ध्याकडे येते.

आपण १९९४-९५ ला आठवीत, १९९६-९७ ला दहावीत. त्या तीन वर्षांत बारामती तालुक्यात मोठ्या गटात मुलींचे संघच मोजके असत. नाव नोंदवलेला संघ ऐन दिवशी यायचा नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळायची. कधी पाऊस, कधी ज्वारीची पेरणी, कधी "घरून पाठवलं नाही". त्यामुळे आपण तालुक्याचे विजेते व्हायचो ते जवळजवळ घाम न गाळता, आणि खरा पहिला सामना व्हायचा जिल्ह्याच्या पातळीवर. जोड्या कशा लागतात याची आम्हा मुलींना काही गम्य नव्हती. पण तिन्ही वर्षं समोर आला तो इंदापूर तालुक्याचाच संघ. एकाच शाळेचा, बहुतेक त्याच मुलींचा.

इंदापूरला जायचा आपला रस्ता आठवतो? काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी. हा तुकोबांच्या पालखीचाच रस्ता. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग इंदापूर, आणि तिथून सराटीला नीरेच्या काठी. वारकरी जे अंतर मुक्काम करत चालतात ते आम्ही एसटीने दीड-दोन तासांत कापायचो, डब्यातली चटणी-भाकरी भवानीनगरच्या आतच संपवून. सर पुढच्या सीटवर बसून कार्यक्रमपत्रिका चाळायचे. आता तो रस्ता इतका रुंद झाला आहे की ओळखू येत नाही.

दोन तालुके शेजारी, बोली एक, सोयरिकी एकमेकांत. तरी त्यांचं नशीब सारखं नाही, आणि याचं मूळ पाण्यात आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला. पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो वाहतो. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं, पुढे १९२८ मध्ये त्याच जागी लॉईड धरण म्हणून नवं मोठं धरण उभं राहिलं. विश्वेश्वरय्या पुण्याला कार्यकारी अभियंता असताना त्यांनी ब्लॉक पद्धत आखली. एकट्या उसाने सगळं पाणी खाऊन टाकू नये म्हणून पिकांचे गट पाडून पाणी वाटून द्यायची ही पद्धत नीरा कालव्यावर राबवली गेली. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला त्या आखणीचं कौतुक वाटतं. पण कालवा हा शेवटी कालवाच. वरच्याला आधी मिळतं, खालच्याला उरलंसुरलं. बारामतीचा बागायती पट्टा वर, इंदापूर टेलला. "टेलला पाणी पोचलं नाही" हे वाक्य त्या बाजूच्या प्रत्येक घरात ऐकू येतं. (आपल्याही तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा जिरायती भाग आहे, आणि तिकडून शाळेत येणाऱ्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको.)

इंदापूरच्या उत्तरेला पाण्याची दुसरी गोष्ट. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर येतं, आणि आपण लोक गाड्या घेऊन फोटो काढायला जातो. भिगवणला रोहित पक्षी बघायला आणि मासे खायलाही जातो. ज्यांची जमीन त्या पाण्याखाली आहे ते मात्र माळावरच्या नव्या गावठाणात राहतात. मुरमाड, कडक जमीन. तिथली शाळा, तिथलं मैदानही तसंच.

इंदापूर म्हणजे निव्वळ दुष्काळ असं मात्र समजू नका. मालोजीराजांच्या नावाशी जोडलेली गढी तिथे आहे. आपल्याकडे बाबूजी नाईकांचा वाडा आणि मोरोपंत, तर त्यांच्याकडे गढी आणि मालोजीराजे; यावरून आमच्या बसमध्ये आणि त्यांच्या मंडपात वाद व्हायचे. आणि वालचंदनगर त्यांचंच. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात माळरानावर उभं केलेलं ते कारखान्याचं गाव. पुढे तिथल्या कारखान्यात अवकाश मोहिमांसाठी लागणारे भाग बनू लागले. नववीत तिथली कॉलनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, इंजिनिअर व्हावं ते असल्या ठिकाणी राहायला.

तर या दोन पाण्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातून तो संघ यायचा.

आठवीत आपल्याला त्यांच्याविषयी काहीही माहीत नव्हतं. त्यांनी नाणेफेक जिंकून आक्रमण घेतलं आणि नऊ मिनिटांत आपले १४ गडी बाद केले. म्हणजे आपल्या तिघींच्या चार तुकड्या आत जाऊन बाहेर आल्या, आणि पाचवीतल्याही दोघी बाद. आपण उलट नऊ मिनिटांत ५ टिपले. नऊ गुणांची आघाडी म्हणजे फॉलोऑन. दुसऱ्या डावात आपण ६ केले. एक डाव ३ गुणांनी पराभव. पूर्ण छत्तीस मिनिटांचा सामनासुद्धा आपल्या वाट्याला आला नाही, सत्तावीस मिनिटांत हंगाम आटोपला. परतताना पाऊस होता.

त्यांचं बळ दोन गोष्टींत होतं. एक म्हणजे खांबावरचा सूर. आपल्या मैदानावर काळी माती. पावसात चिखल, उन्हात भेगा. पण पडलं तरी लागत नाही. त्यांच्याकडे मुरूम, सूर मारला की कोपर सोलून निघतं. तर्काने बघितलं तर सूर मारायचं धाडस आपल्यात असायला हवं होतं, आणि झालं उलटंच. त्यांच्या मुली लहानपणापासून सोललेल्या कोपरांनी खेळत होत्या, त्यांना भीती उरली नव्हती. दुसरी गोष्ट त्यांची साखळी. बचाव करताना त्यांची कप्तान बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी अशी पळायची की पाठलाग करणारीला दर वेळी खो द्यावा लागायचा, आणि खो मिळून उठणारी नेमकी चुकीच्या बाजूला तोंड करून बसलेली असायची. ती कप्तान उंच नव्हती, वेगवानही नव्हती. ती फक्त दोन खो पुढचं बघायची. आज माझ्या टीममध्ये कोणी नवीन मुलगी कोड लिहिताना दोन पायऱ्या पुढचा विचार करते, तेव्हा मला ती आठवते.

नववीत सरांनी तयारी बदलली. शनिवारची शाळा सुटली की आम्हाला कालव्याच्या भरावावरून पळवायचे, आणि सूर मारायचा सराव वाळूच्या ढिगावर. (ती वाळू कोणाच्या बांधकामाची होती हे सरांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.) त्या वर्षी इंदापूरचे १० आणि ९, आपले ९ आणि ८. दोन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला त्यांची कप्तान मैदानात एकटी उरली होती आणि आपल्या नऊ जणींनी मिळून तिला बाद करता आलं नाही.

दहावीचा सामना अनेकांना आठवत असेल, कारण त्या वर्षी तो आपल्याकडे, बारामतीत झाला आणि शाळेने पहिल्यांदा दोन वर्ग बघायला सोडले. त्यांचे ८ आणि ८. आपले पहिल्या डावात ८. शेवटची पळती त्यांची, आपल्याला नऊ मिनिटांत नऊ हवे. आठ झाले तेव्हा घड्याळात मिनिटभर उरलं असेल. आत त्यांची कप्तान. बाकी तपशील तुम्हाला आपापल्या परीने आठवतात हे मी व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहिलं आहे. तीन वेगवेगळ्या जणींनी तो शेवटचा गडी आपणच टिपला असं लिहिलं आहे. मी त्यात पडत नाही. सरांच्या वहीत नोंद आहे: बारामती १ गुण व ४० सेकंद राखून विजयी. पुढच्या फेरीत आपण हरलो, पण तो पुण्याच्या बाजूचा संघ होता आणि त्याचं आम्हाला फारसं वाईट वाटलं नाही.

हिशेब केला तर तीन हंगामांत इंदापूरसमोर आपण ९८ मिनिटं २० सेकंद खेळलो. शाळेतल्या सहा वर्षांपैकी मला सलग आठवतात ती तेवढीच मिनिटं.

आता त्या संघाची दुसरी बाजू. इंजिनिअरिंगला वसतिगृहात राहायला गेले, तर शेजारच्या खोलीत त्याच संघातली एक मुलगी. कोपरावरच्या खुणेवरून मी तिला ओळखलं. पहिलं वर्षभर आम्ही दोघी तो दहावीचा सामना पुन्हा पुन्हा खेळलो, मेसच्या टेबलावर डाळीच्या वाट्या मांडून. तिच्याकडून कळलं की त्यांच्याकडेही आपल्याविषयी कथा होत्या. बारामतीच्या मुलींना रोज अंडी मिळतात. बारामतीला खास प्रशिक्षक ठेवला आहे. बारामतीच्या मुलींकडे खिळ्यांचे बूट आहेत, पंचांसमोर तेवढे काढतात. मी तिला सांगितलं की आमच्यातल्या चौघी जणी अनवाणी खेळायच्या. तिचा विश्वास बसला नाही.

आणि त्यांचा सराव कसा चालायचा? कालव्याच्या फाट्यात. टेलचा फाटा, आवर्तन नसेल तेव्हा कोरडा. त्याच्या तळातून, दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये, त्या पळायच्या. जागा अरुंद म्हणून वळणं आखूड आणि झटकन. ती साखळी तिथे घडली होती. आम्ही भरावावरून पळत होतो तेव्हा खाली पाणी वाहत होतं. त्याच कालव्याच्या शेवटाला पाणी नव्हतं म्हणून त्यांना मैदान मिळालं होतं. हे ऐकल्यावर दहावीतल्या त्या एका गुणाचा मला वाटणारा अभिमान थोडा कमी झाला. नाहीसा झाला नाही, थोडा कमी झाला.

कप्तानाचं काय झालं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. अकरावीला नाव घातलं होतं, बारावीची परीक्षा दिली नाही. अठरा पूर्ण झाल्या झाल्या लग्न. गाव लांबचं. त्यानंतर तिने मैदान पाहिलं नसावं. माझ्या मैत्रिणीच्या म्हणण्याप्रमाणे त्या बारा जणींपैकी दहावीनंतर खेळल्या त्या फक्त दोघी. आपल्या बारा जणींचा आकडाही फार वेगळा नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे शिकल्या जास्त, खेळल्या तेवढ्याच.

हे सगळीकडे असंच झालं असं मात्र नाही. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं आणि २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तोही टेलचाच जिल्हा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कप्तान महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी तो सामना मुलीबरोबर टीव्हीवर पाहिला. नऊऐवजी सात खेळाडू, मातीऐवजी मॅट, गुणांची पद्धत वेगळी. तिला मजा आली. मला पहिली पाच मिनिटं काही कळेना, मग एकीने खांबावर सूर मारला आणि सगळं कळलं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. आपल्या वेळी घरच्यांना सांगायला यातलं काही आमच्या हाताशी नव्हतं. आताच्या मुलींकडे आहे.

म्हणून फेब्रुवारीत शाळेत गेले तेव्हा मैदान बघून मी गप्प झाले. एका बाजूचा खांब जागेवर आहे. दुसऱ्याच्या जागी रंगमंचाचा ओटा आला आहे. मैदानाच्या कडेला गाड्या लागतात. मुलींचा संघ आहे, पण नऊ जणींचा. राखीव एकही नाही. एकीचा पाय मुरगळला की संघ स्पर्धेतून बाद, म्हणजे आपल्याला जशी पुढे चाल मिळायची तशी ती समोरच्याला मिळणार. शिकवणारे सर तरुण आहेत, तळमळीचे आहेत, आणि त्यांच्याकडे चार विषय आहेत.

मेळाव्यात आपण सगळे मिळून शाळेला काय द्यायचं यावर चर्चा होणार आहे. सध्या दोन प्रस्ताव आहेत असं ऐकते: प्रवेशद्वाराची कमान आणि डिजिटल वर्ग. कमानीविषयी मी बोलत नाही, कारण ती सुचवणारे माझ्या शेजारच्या बाकावरचे आहेत. डिजिटल वर्गाविषयी बोलू शकते, कारण माझं पोटच त्यावर आहे. तो पडदा चार वर्षांत जुना होतो आणि सहाव्या वर्षी त्यावर वेळापत्रक चिकटवलेलं असतं. माझा तिसरा प्रस्ताव लिहून ठेवा. ओट्याच्या पलीकडे मैदान फिरवून आखणं, दोन नवे खांब, सरावापुरतं मॅट जमलं तर मॅट, नाहीतर चाळलेली लाल माती. बारा जणींचे बूट. आणि दर वर्षी जिल्ह्याच्या सामन्याला जायची गाडी. कमानीपेक्षा हे स्वस्त पडेल, भाव मी काढले आहेत, मेळाव्यात दाखवीन. एक अटही आहे: राखीव तीन मुली मिळवायला आपल्यापैकी ज्या बारामतीत राहतात त्यांनी आठवी-नववीच्या घरी जाऊन आयांशी बोलायचं. ते काम पैशाने होत नाही.

आता यंदाचा पहिला सामना. वसतिगृहातल्या त्या मैत्रिणीची चुलत बहीण इंदापूर तालुक्यातच क्रीडाशिक्षिका आहे, आणि तिचा संघ चांगला आहे. आम्ही तिघींनी फोनवर ठरवलं आहे, दोन्ही शाळांची परवानगीही मिळाली आहे: जुलैत, पालखी सराटीवरून पुढे गेली की, त्या आठवड्यात दोन शाळांचा सराव सामना. म्हणजे या वर्षी तालुक्याच्या आधीच आपल्या मुलींचा हंगाम सुरू होईल, आणि तो हरला तरी हंगाम संपणार नाही.

एप्रिलमध्ये मी त्यांचा सराव पाहून आले. चोरून नाही, बाईंनी बोलावून चहा पाजला. जे दिसलं ते आपल्या मुलींसाठी इथे देते. सूचनाफलकावर लावलं तरी चालेल.

त्यांच्याकडे आता मॅट आहे, आठवड्यातून दोन दिवस. त्यामुळे वेग जास्त आणि वळणं मोठी. जुनी आखूड साखळी कमी झाली आहे. सामना मातीवर होणार, तिथे मोठं वळण घेताना त्यांचा पाय घसरेल, तेव्हा पाठलाग सोडू नका. पहिल्या तुकडीतल्या तिघी पक्क्या आहेत. त्यांच्यामागे पळून दम घालवू नका, खो देत राहा, लांबच्या कोपऱ्याकडे ढकला. दुसरी तुकडी कच्ची आहे. तिसऱ्या तुकडीत एक बुटकी मुलगी आहे, नववीतली. ती खांबाजवळ उभी राहते आणि आपल्याला वाटतं ती दमली आहे. ती दमलेली नसते. आक्रमणात त्यांच्या दोघी सूर मारतात, दोघीही उजव्या हाताने. म्हणून खांबाला वळसा घालताना त्यांच्या डाव्या अंगाने निघा. आणि नाणेफेक जिंकली तर आधी पळती घ्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्याकडून फाऊल फार होतात. त्यांच्या बाईंनीच सांगितलं, आणि तुम्ही ते वाचणार हे त्यांना माहीत आहे.